हौशी हा शेरा

४ जून

प्रिय भिंगरी,

पाकिटावर मुद्दाम कचेरीचा शिक्का मारलाय. ताईचं पत्र म्हणून तू ते उघडलं नसतंस. सरकारी कागद म्हणून उघडशील, कारण आलेला सरकारी कागद तसाच ठेवून देणं तुला जमायचं नाही. तुझा पत्ता तुमच्या वजनमापं खात्यातल्या कारकुनाकडून मिळवला. तो आधी देईना. "साहेबांनी कोणाला देऊ नका म्हणून सांगितलंय," म्हणाला. मी म्हटलं, कोशाचं काम आहे. तेव्हा दिला.

तर कामाचं आधी.

आमच्या शब्दकोशाचा शेवटचा खंड चालू आहे. या कचेरीत मला एकोणतीस वर्षं झाली. डिसेंबरात मी निवृत्त होतेय, त्याआधी 'ह' संपवायचा आहे. गेल्या आठवड्यात टेबलावर 'हौस' आला. मसुद्यात अर्थ दिलाय, 'मजेखातर वाटणारी इच्छा, चैनीची आवड.' आमच्या मुख्य संपादकांना तेवढा पुरेसा वाटतो. मला वाटत नाही. हौस म्हणजे एवढंच असेल तर ज्याला लोक नुसत्या हौसेने आयुष्य दिलं म्हणतात त्या माणसाचं काय करायचं?

या दुसऱ्या अर्थाला आधार म्हणून एक चिठ्ठी सापडली. तुमच्या खात्याच्या रद्द झालेल्या फॉर्मच्या मागे लिहिलेली आहे. पुढच्या बाजूला छापलंय, 'तराजू. पारडी दोन. दांडी सरळ आहे / नाही.' आणि मागे हे वाक्य: 'तराजू करता करता चाळीस वर्षं झाली. अजून हौस आहे.' खाली कोणी म्हटलं, कधी म्हटलं, ते तू लिहिलं असणार, पण नेमका तो कोपरा फाटलाय. बोलणारं माणूस कोण हे कळल्याशिवाय आम्ही वाक्य छापत नाही. तेवढं कळवशील का?

ही चिठ्ठी कचेरीत कशी राहिली कोण जाणे. तू चिठ्ठ्यांचे डबे न्यायला आलास तेव्हा एखादी चुकून मागे पडली असेल.

घर ठीक आहे. तुझ्या खोलीत आता माझं शिलाई मशीन असतं, पण कॉट हलवलेली नाही.

तुझी
ताई

ता. क. त्या बैठकीबद्दल तुझ्या मनात अजून काही असेल तर एवढंच सांगते, मी त्या बैठकीला नव्हते. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.


१९ जून

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तीन वाक्यं, तीही अशी: 'आपल्या कचेरीने माझ्या चिठ्ठ्या नाकारल्या होत्या. नाकारलेली चिठ्ठी आपल्या टेबलावर असू शकत नाही. सबब, ती माझी नाही.'

मला 'आपण' म्हणालास. लहानपणी आप्पा रागावले की तू त्यांना असंच 'आपण' म्हणायचास आणि ते उलट हसत सुटायचे. मला हसू आलं नाही. कार्ड पर्समध्ये घालून मी कचेरीत गेले आणि दिवसभर त्या 'सबब'कडे बघत बसले.

मग काहीतरी करायचं म्हणून 'हौस'चं मूळ शोधायला घेतलं. तुला असल्या गोष्टी आवडतात, म्हणून लिहिते. आवडायच्या, म्हणायला हवं. शब्द मूळचा अरबी. तिथे 'हवस'. अर्थ, डोक्यात शिरलेलं वेड, माणसाला ताळ्यावर राहू न देणारं. फारसीत आला तेव्हा त्याची इच्छा झाली, वासना झाली, लहरही झाली. आपल्याकडे येईपर्यंत शब्दाचे सगळे दात पडले. आपण पोराला नवा सदरा शिवतो हौसेने, दारात झाड लावतो हौसेने. ज्या शब्दाला तिकडे लोक भीत होते, तो इकडे घरातल्या मांजरासारखा पायात घोटाळायला लागला.

संपादक म्हणाले, "मग उत्साह लिहा की. अर्थ तोच."

मी म्हटलं, "तोच नाही." उत्साहाच्या पोटात 'सह्' आहे, म्हणजे सोसणं, टिकून राहणं. उत्साहाला बळ लागतं आणि दमला की तो ओसरतो. हौसेचं तसं नाही. माणूस दमतो आणि हौस तशीच राहते, मग ती त्याला पुन्हा उठवते. आप्पांची नजर गेली तेव्हा छापखान्यातलं त्यांचं काम सुटलं, पण खिळे जुळवणाऱ्याची बोटं सुटली नाहीत. जेवणाच्या ताटाच्या कडेवर ती ओळी जुळवत असायची, तुला आठवत असेल.

आणि 'हौशी' हा शब्द. तो तर आणखीच खाली आला. हौशी म्हणजे ज्याला ते काम येत नाही, तरी करतो तो. मूळ वेडाचं काय झालं बघ.

इथवर आल्यावर लक्षात आलं की मी तुला कोश वाचून दाखवतेय आणि जे सांगायचंय ते बाजूला ठेवतेय.

चिठ्ठी तुझीच आहे. आणि ती एकटी नाही. तुझे दोन डबे भिजले नव्हते.

बाकीचं पुढच्या पत्रात. आज एवढंच लिहवलं.

ताई


२७ जून

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी तीनदा फाडलंय. आता लिहिते ते जसं येईल तसं पाठवणार आहे.

तुझ्या चिठ्ठ्या नाकारल्या त्या बैठकीला मी होते. अभिप्राय माझाच होता.

तू वजनांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचास. तराजू तपासायचास, वजनातल्या शिशावर ठसा मारायचास, आणि येताना लोहाराचे, सुताराचे, बोटीवाल्याचे, धान्य मोजणाऱ्या बायांचे शब्द घेऊन यायचास. रद्द फॉर्मच्या मागे लिहिलेले. सोळा वर्षं. बिस्किटांचे नऊ पत्र्याचे डबे भरले तेव्हा मीच म्हटलं होतं, "कचेरीत दे, कोशात येतील." तेव्हा ते मी मनापासून म्हटलं होतं, एवढं मात्र खरं मान.

मग संपादकांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, संग्रह चांगला असेल तर या माणसाला आपण संकलक म्हणून घेऊ. एक कायमची जागा मंजूर झालीय. मी म्हटलं, "तो माझा सख्खा भाऊ आहे, मला विचारू नका." ते म्हणाले, "तुमच्याइतकं ते कोणी पाहिलेलंही नाही. लिहा तुम्ही."

मी तेव्हा अठरा वर्षं हंगामी होते. दर सहा महिन्यांनी सही करून पुढचे सहा महिने मागून घ्यायचे. जागा एकच होती. पण हे कारण मी पुढे करत नाही, कारण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सांगायला जास्त लाज वाटते. तू घरी आलास की आप्पा खुर्ची सरकवून बसायचे. "काय आणलंस आज?" म्हणायचे. तू एकेक चिठ्ठी वाचायचास आणि ते शब्द जिभेवर घोळवायचे. मी अठरा वर्षं शब्दांच्याच कचेरीत जात होते. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही, काय आणलंस.

मी अभिप्रायात लिहिलं, 'संकलन परिश्रमपूर्वक केलेलं असलं तरी त्याचं स्वरूप हौशी आहे. कोशात समाविष्ट करण्याजोगं नाही.' 'हौशी' लिहिताना मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. हातात तयारच होता तो शब्द.

तू डबे न्यायला टेम्पो घेऊन आलास. सात मोजलेस आणि माझ्याकडे बघितलंस.

"गच्चीवरची टाकी फुटली रे," मी म्हटलं. "दोन भिजले. लगदा झाला, टाकून द्यावे लागले."

"ताई, तू बैठकीत बोलली असतीस तर..."

"मी नव्हते बैठकीला."

सातव्या डब्याचं झाकण सैल होतं, ते तळव्याने ठोकून बसवलंस. महिन्याभरात तू बदली मागून घेतलीस. माझ्यावर संशय होता म्हणून गेलास, की मी तुझ्यासाठी बोलले नाही म्हणून, हे मला आजही माहीत नाही.

दोन डबे माझ्या टेबलाखाली होते. का ठेवले? पुन्हा पुन्हा विचारलंय स्वतःला. त्यातले शब्द कोशात हवे होते म्हणून. चांगले होते ते, भिंगरी. इतके चांगले होते की नाकारणाऱ्या बाईलाही सोडवले नाहीत. चौथ्या खंडापासून मी ते घालत आले. आधाराच्या जागी 'कचेरी संकलन' लिहिलं. पहिल्या वेळी दार लावून घेतलं होतं, विसाव्या वेळी नाही.

आणखी एक आहे. हे तुला कधीच कळलं नसतं, कारण ते फक्त मला आणि आप्पांना माहीत होतं.

तू गेल्यावर आप्पा फार गप्प झाले. शेवटच्या वर्षी एक दिवस दुपारी मी डब्यातल्या काही चिठ्ठ्या घरी आणल्या आणि म्हटलं, "आप्पा, कचेरीतले नवे शब्द आलेत, वाचू?" त्यांना बरं वाटावं म्हणून, आणि त्यांनी एकदा माझेही शब्द ऐकावेत म्हणून. मी वाचत गेले. पाचव्या-सहाव्या चिठ्ठीला त्यांनी हात वर केला.

"ही भिंगरीची ना?"

मी ती चिठ्ठी पालथी केली.

"म्हणजे भिजल्या नाहीत तर."

त्यांनी चाचपत माझा हात शोधला. रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "त्याला कळव. मी कळवणार नाही, तू कळव." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आता आणल्याच आहेस तर पुढची वाच."

पुढचे चार महिने ते रोज विचारायचे, "लिहिलंस का त्याला?" मी रोज म्हणायचे, "लिहिते, आप्पा." मग त्यांनी विचारणं सोडलं. आप्पा गेले तेव्हा तू आलास, खांदा दिलास, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. तू दारात चपला घालत होतास तेव्हा मी मागे उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही. त्याला आठ वर्षं झाली.

हे सगळं आत्ताच का लिहितेय, असं तू विचारशील. खरं सांगते. मला 'हौस'साठी ते वाक्य हवं होतं, आणि बोलणाऱ्याची माहिती तुझ्याशिवाय कोणाकडे नव्हती. चांगुलपणाने लिहायला बसले असं समजू नकोस.

ताई


२ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर नाही. मी धरून चाललेच होते. तरी काय केलं ते तुला कळवणं माझं काम आहे.

सोमवारी संपादकांच्या खोलीत गेले. त्यांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून उजव्या बाजूला खुर्ची ओढली. जे तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. आप्पांचं सोडून.

त्यांनी विचारलं, "किती शब्द?"

"अकराशे बेचाळीस."

"मोजलेत?"

"पाच आठवडे तेच करतेय. प्रत्येक चिठ्ठी कुठल्या खंडात कुठल्या पानावर गेली, त्याची यादी आणलीय."

त्यांनी यादी उलटीसुलटी करून पाहिली. वाचली नाही. "बाई, तुम्ही डिसेंबरात निवृत्त होताय. हे आता सांगून कोणाचं भलं होणार आहे?"

"माझ्या भावाचं नाव लागेल."

"आणि तुमचं जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी पेनाचं टोपण दोनदा उघडझाप केलं. मग म्हणाले, "तो अभिप्राय वाचला तेव्हा मला काय वाटलं होतं माहितीये? वाटलं, सख्खी बहीण असून किती निःपक्षपाती बाई आहे. कायमच्या जागेसाठी तुमचं नाव मी सुचवलं ते त्या कागदामुळे."

भिंगरी, अकरा वर्षांत मला कोणी शिवी दिली असती तरी ती एवढी लागली नसती.

मंडळाची बैठक झाली. या वेळी मला बाहेर बाकावर बसवलं होतं. आत दोन तास आवाज चढत-उतरत होते. एकाचं म्हणणं, प्रकरण दाबा, कोशाची अब्रू जाईल. दुसऱ्याचं म्हणणं, आधीचे खंड मागवून जाळा. शेवटी असं ठरलं. शेवटच्या खंडात वेगळं पान घालायचं. त्यावर सगळे शब्द आणि 'संकलक' म्हणून तुझं पूर्ण नाव. तुझे शब्द नाव न देता आणि तुला न विचारता वापरले गेले, हे स्पष्ट शब्दांत. मुखपृष्ठामागच्या संपादकांच्या यादीतून माझं नाव काढायचं. ते मीच लिहून दिलं होतं, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही.

जुळाऱ्याने ते पान काल मला तपासायला दिलं. मुद्रितं तपासण्याचं काम अजून माझ्याकडेच आहे, दुसरं कोणी मोकळं नाही. माझ्या अपराधातली शुद्धलेखनाची एक चूक मीच दुरुस्त केली.

हे छापायला तुझी लेखी संमती लागेल. तो कागद आणि छापलेल्या अर्थांसकट शब्दांची यादी सोबत आहे. सही केलीस तर ठीक. नाही केलीस तर यापुढे तुझा शब्द एकही वापरला जाणार नाही, असं मंडळाने लिहून दिलंय. मग 'हौस'चा एकच अर्थ छापला जाईल. तो निर्णय तुझा.

माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही याचं ओझं तुझ्यावर पडतं. आधीच पुष्कळ टाकलंय मी तुझ्यावर.

ताई


१४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

जाडजूड पाकीट आलं तेव्हा वाटलं, यादी फाडून परत पाठवलीस. उघडलं तर संमतीचा कागद सही करून, आणि यादीवर लाल पेनाने एक्केचाळीस चुका.

एक्केचाळीस! कचेरीत मी तीन दिवस कोणाला तोंड दाखवलं नाही. 'पासंग' म्हणजे खोटं वजन, असं मी छापलंय. तू लिहितोस, 'पासंग म्हणजे रिकामा तराजू समतोल व्हावा म्हणून हलक्या बाजूला लावतात तो तुकडा. लबाडी नंतरची. आधी तो प्रामाणिकपणासाठी होता.' 'कानस' मी पुल्लिंगी केली. त्यावर तुझा शेरा, 'लोहार दोन गल्ल्या पलीकडे बसतो. विचारायचं होतं.' 'ओळंबा' मी गवंड्याचा म्हणून थांबले. तू लिहिलंयस की विहीर खणणाऱ्याने तो शब्द माणसाबद्दल वापरला होता. 'तो माणूस ओळंबा आहे,' म्हणजे कुठूनही बघा, सरळच. मी ते वाक्य कापलं होतं. जागा नव्हती म्हणून कापलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

संपादकांना यादी दाखवली. त्यांनी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचल्या, मधे दोनदा चहा सांगितला आणि दोन्ही वेळा गार केला. शेवटी म्हणाले, "याला आपण हौशी म्हणालो?" मी म्हटलं, "मी म्हणाले." ते म्हणाले, "सही माझीही होती." सगळ्या दुरुस्त्या शुद्धिपत्रात जात आहेत.

तराजूच्या वाक्यापुढे तू लिहिलंस, 'बोलणारी बाई होती.' मी गेले चार महिने एक म्हातारा कारागीर डोळ्यांसमोर धरून बसले होते. परवाना नवऱ्याच्या नावावर, तराजू सगळे तिच्या हातचे, आणि तुझ्या दप्तरात तिचं नाव लिहायला रकानाच नव्हता, म्हणून तू ते वाक्य मागच्या बाजूला लिहून घेतलंस. आता असं छापलं जाईल:

हौस. स्त्री. १. मजेखातर वाटणारी इच्छा. २. एखाद्या कामाविषयीची आतली ओढ, जी ते काम करून भागत नाही. 'तराजू करता करता चाळीस वर्षं झाली. अजून हौस आहे.' (तराजू करणारी स्त्री.)

दुसऱ्या अर्थाला संपादकांनी अक्षरही बदललं नाही.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येते. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्यापाशी माझी मती चालत नाही. 'बाकीचे सात डबे बदलीच्या वेळी भंगारवाल्याला दिले. त्यानंतर एकही शब्द लिहून घेतला नाही.'

सात डबे. नऊएक हजार माणसांचं बोलणं असेल त्यांत. अकरा वर्षं मी समजत होते की तू रागाने का होईना, कुठेतरी लिहीत असशील. तुझं थांबणं माझ्या हिशेबातच नव्हतं. कचेरीतला एक जण म्हणाला, "बघा, तुम्ही दोन ठेवलेत म्हणून दोन तरी वाचले." मी त्याला गप्प बसवलं. मी ते वाचवायला ठेवले नव्हते. मी नीट वागले असते तर नऊच्या नऊ असते, आणि नवाचे पंधरा झाले असते. चोरीतून काही वाचलं म्हणून चोरीला राखण म्हणता येत नाही. हे तू म्हणायच्या आधी मी म्हणून ठेवते.

दोन्ही डबे आज पार्सलने पाठवलेत. आप्पांच्या जुन्या चादरीत गुंडाळलेत, म्हणजे हेलकाव्यांनी झाकणं उघडायची नाहीत. मी वापरलेल्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने बारीक टिंब आहे. बाकी दीड हजारांवर चिठ्ठ्यांना मी हात लावलेला नाही. त्या कोशात गेलेल्या नाहीत. त्यांचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

आता माझ्याकडे तुझं काही नाही.

ताई


६ ऑक्टोबर

ताई,

डबे मिळाले. झाकणं प्रवासात दबून घट्ट बसली होती, पेचकसाने उचकटावी लागली. चादर बायकोने धुऊन वाळत घातलीय.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर नाही म्हणालो असतो. आप्पांचं जे लिहिलंस ते मी अजून पुरतं वाचलेलं नाही. त्या ओळीपर्यंत येतो आणि घडी घालून ठेवतो. कधीतरी वाचेन. तुझ्यासमोर वाचणार नाही.

डबे भंगारात दिले तेव्हा वजन मीच करून दिलं होतं. भंगारवाल्याचा काटा दोनशे ग्रॅमने मारत होता. त्याला दंड केला, आणि त्याच काट्यावर सोळा वर्षं घालून घरी आलो. त्यानंतर लोक बोलायचे आणि मी ऐकायचं टाळायचो. कोणी चांगला शब्द बोललं की पेटी आवरायला घ्यायचो. मी भराभर ठसा मारून निघायचो. अकरा वर्षं मी मुक्यांच्या गावातून फिरल्यासारखा फिरलो. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. त्यावर उत्तर नको.

तुझ्या त्या अकराशे बेचाळीसांचं जाऊ दे. छापले गेलेत, नीट छापले जातील. राहिलेल्या दीड हजारांचं बघायचंय. गेले पंधरा दिवस रोज सकाळी बसतो. अडचण अशी आहे की त्यातल्या निम्म्या मला लागत नाहीत. बस चालू असताना लिहिलेल्या आहेत, काही तर उभ्याने, पेटीवर कागद ठेवून. बायको म्हणाली, "अहो, लिहिलंय कोणी हे? तुम्हीच ना?" चष्मेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, चष्मा ठीक आहे, अक्षरच तसं आहे.

ज्या चिठ्ठ्यांवर तुझं टिंब आहे त्या मी छापलेल्या पानाशी लावून पाहिल्या. चुका तुझ्या अर्थात आहेत, लिंगात आहेत. वाचण्यात एकही नाही. एक ओळ मला स्वतःला तासभर लागली नव्हती, ती तू बरोबर वाचलीयस. माझं अक्षर आता जगात एकट्या तुला लागतं.

डिसेंबरात मोकळी झालीस की ये. शनिवारी दुपारी दोनला थेट गाडी आहे, थांब्यावरून घर चालत दहा मिनिटं. किती दिवस लागतील सांगता येत नाही, कपडे त्या बेताने आण. टेबल खिडकीपाशी लावून ठेवतो. बोलणं होईलच असं नाही.

तू वाच. मी लिहून घेईन.

भिंगरी